हक्काची गल्ली

नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे फिटर म्हणत. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे निघे आणि एकेका भागाचे व्हॉल्व्ह उघडत फिरे. गावभर पाणी पोचवणाऱ्या या बाबाच्या स्वतःच्या गल्लीत मात्र नळाला करंगळीएवढी धार. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

त्याचा धाकटा भाऊ याच गल्लीच्या मतांवर नगरसेवक झाला आणि मोठ्या रस्त्यावर राहायला गेला. आई फिटरकडेच राहिली. तिची औषधं, तिचा चष्मा, पाय चेपणं सगळं थोरल्याकडे, कौतुक तेवढं धाकट्याचं. तो महिन्यातून एकदा यायचा. तेव्हा आई बारीक धारेखाली ताटकळून भरलेला हंडा त्याला हातपाय धुवायला पुढे करायची. भरणारा अर्थातच फिटर. तो जळायचा, सरळ सांगायचं तर. नुसतं ‘वाईट वाटायचं’ म्हणणं म्हणजे त्याची भलामण झाली.

नवी मोठी पाइपलाइन आली, ती वरच्या आळीला गेली. फिटर तडक भावाच्या ऑफिसात.

"आपल्या गल्लीनं तुला डोळे मिटून मतं दिली. आणि पाइप तिकडे?"

"म्हणूनच रे दादा," धाकटा टेबलाकडे बघत म्हणाला. "पक्षातले म्हणतात, ती गल्ली आपलीच आहे, तिथे पाइप टाकून मतं काय वाढणार? वरच्या आळीचं तळ्यात-मळ्यात चाललंय, त्यांना धरून ठेवायला हवं. मी हट्ट केला तर पुढचं तिकीट दुसऱ्याला."

घरी येऊन त्यानं हे आईला सांगितलं.

"किती व्याप असतात त्याला," आई म्हणाली. "तू उगाच त्याच्या मागे लागू नकोस."

इथे फिटरचं डोकं फिरलं.

त्या रविवारी चौकात विरोधी पक्षाची सभा होती. नगरसेवकाचा सख्खा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि टाळ्या वाजवत राहिला. त्याला बघून गल्लीतले आणखी काहीजण येऊन बसले. अंधार पडायच्या आत बातमी गावभर झाली.

आठवड्याभरात खणायला माणसं आली. मागोमाग धाकटा आला आणि त्यानं फिटरला कोपऱ्यात घेतलं.

"दादा, तू बसलास म्हणून मला वर भांडता आलं. गल्ली हातची जातेय म्हटल्यावर साहेबांनी लगेच सही केली. बाहेर बोलू नकोस एवढंच."

पाणी आलं त्या दिवशी नळ धाकट्यानं उघडला. फोटो निघाले, हार पडले. गल्ली त्याच्या नावाचा जयजयकार करत होती आणि आई डोळे पुसत होती. त्या सभेपासून ती फिटरशी धड बोलली नव्हती. लोक पांगल्यावर तो तिच्यासाठी पेला भरून घेऊन आला.

"गुणाचं पोर माझं," ती पाणी पिऊन म्हणाली. "आणि तू त्याच्या वैऱ्यांत जाऊन बसलास."

"आई, मी तिथे बसलो म्हणून हे पाणी आलं. विचार त्याला."

आईनं पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पाण्यासाठी बसलास? जळतोस तू त्याच्यावर. लहानपणापासून."

ते खरंच होतं. त्यानं रिकामा पेला उचलला आणि पुन्हा भरायला नळाकडे गेला.