गेममधला हात वर केलेला मुलगा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा ठेवायला उठायचो. त्यामुळे तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा... मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

१९९६ साल. नाशिकला सिडकोत आमचं दोन खोल्यांचं घर. मी तेरा वर्षांचा, मंजू — माझी धाकटी बहीण — दहाची. तिला चौथीची स्कॉलरशिप मिळाली म्हणून मामांनी रविवार कारंजावरून व्हिडिओ गेम आणला. प्लास्टिकची छोटी बंदूक, तिच्या पाठीवर काडेपेटीएवढा स्क्रीन. चार खिडक्या, चार काळे दरोडेखोर. दिसला की घोडा ओढायचा. मी कसाबसा पास झालो होतो, मला कोण काय देणार!

बाबा अंबडला एका कंपनीत फिटर होते. खंडेनवमीला ते आपले पाने, हातोड्या पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू वाहायचे. आमची वह्या-पुस्तकंही तिथेच. दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या वर्षी मंजूने तिची बंदूकही मांडली. बाबांना कोण कौतुक वाटलं. माझा जळफळाट झाला.

दुपारी सगळे झोपल्यावर मी ती उचलून गच्चीवर नेली. खेळताना हातातून निसटली. कोपरा फुटला, स्क्रीन कोरा. घाबरून पुन्हा कुंकू लावलं नि जागेवर ठेवून दिली.

दसऱ्याला बाबांनी ती बघितली. गेमचं वेड मंजूला, त्यामुळे नाव तिचंच आलं. ती एकदाच म्हणाली, मी हात लावला नाही. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "यापुढे पूजेत तुझं काही ठेवायचं नाही." मी मान खाली घालून श्रीखंड खात राहिलो.

बाबा शब्दाचे पक्के. पुढे दर वर्षी माझी पुस्तकं पाटावर, मंजूची दप्तरात.

त्याच आठवड्यात मी ती बंदूक सहज हातात घेतली. सेल काढलेले होते. तरी स्क्रीनवर, दोन खिडक्यांच्या मधे, एक लहान मुलगा हात वर करून उभा... मंजूला दाखवायला गेलो — तिच्या हातात स्क्रीन कोरा. माझ्या हातात आली की परत तो. कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी गेम उघडून बघितला. म्हणाले, ह्यात आकृत्या काचेतच बनवलेल्या असतात, नसलेली दिसणार कुठून? मग मी ती माझ्या हातात धरून दाखवली. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, घरी घेऊन जा.

२००६. दिवाळीनंतर मंजूचं लग्न होतं. घट बसायच्या आधी माळा आवरताना ती बंदूक सापडली. मी हातात घेतली. मुलगा तिथेच, हात वरच.

मंजू शेजारी उभी होती. "दादा, त्या दिवशी मी जिन्यात होते. तुला बघितलं होतं."

मग तेव्हा बोलली का नाहीस, मी विचारलं.

"मला वाटलं, तू सांगशील." पुढे म्हणाली, "या घरातली माझी शेवटची खंडेनवमी आहे. आता तरी सांग बाबांना."

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. सांगतो म्हणालो.

खंडेनवमीला मंजू तिची शिवणाची कात्री पुसून, हातात घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मी झेंडूची फुलं पुढे करत होतो. आरती झाल्यावर तिने कात्री परत मशीनच्या खणात ठेवली.

पुढच्या वर्षी बाबा गेले.

तो मुलगा काचेत कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. आणि बाबा बाहेर बसलेले असताना मला चार पावलं का टाकता आली नाहीत, तेही नाही.