गोधडीवाली आणि मी गाळलेल्या ओळी

आमची गोधडीवाली गोधडी दाखवायची ती आधी उलटी करून. कोणी कौतुकानं हात लावायच्या आत ती घडी पालथी घालायची आणि म्हणायची, "पोट कोनीबी सजवते म्याडम, पाठ पाहा." पाठीवर प्रत्येक दोरा कुठून निघाला, कुठं वळला, गाठ कुठं पडली, सगळं उघडं असायचं.

तिनं शिवलेल्या दोन गोधड्या तुम्हां दोघांच्या अंथरुणावर आहेत. मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, रहस्यकथेचा शेवट कधी पटतो आणि कधी फसवल्यासारखा वाटतो?" मी ऐटीत सांगितलं, "शेवटी जी गाठ दिसते तिचा दोरा आधीपासून आपल्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. आपल्याला दिसला नाही ही आपली चूक, पण तो तिथं असला पाहिजे." तुम्ही खूश झालात. ते उत्तर माझं नव्हतं, तिचं होतं. आणि त्या दोऱ्याचं मी काय केलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

गेल्या दिवाळीला तुम्ही आलात तेव्हा ती जपानी मालिका आमच्या टीव्हीवर ठेवून गेलात. 'कार्टून नाही आजी, ॲनिमे', असं मला तीनदा बजावलंत. तुम्ही गेल्यावर गोधडीवाली कामाला आली. तिची पद्धत ठरलेली. दुपारी एकला यायची, माझ्या जुन्या सुती साड्यांचे थर जमिनीवर अंथरायची, अंगठ्याला चिंधी गुंडाळायची आणि कडेपासून आत शिवत यायची. मध्यातून सुरुवात कधीच नाही. "मधातून शिवलं का झोल येते," म्हणायची.

मला घर शांत नको होतं म्हणून मी मालिका लावली. बारा भाग होते. रोज दुपारी चहाआधी एक भाग, असा मी नेम केला. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगायची आणि ती टाके घालत ऐकायची. आमच्या वऱ्हाडी मालेगावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे काय अवघड?

गोष्ट तुम्हाला पाठ आहेच. समुद्राकाठचं गाव, घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, त्याची सगळी स्मृती गेलेली. बायकोला ओळखत नाही, म्हणून ती समोरच्या घरात वेगळी राहते. तिच्या उंबऱ्यावर रोज पहाटे कोणीतरी सोललेलं संत्रं ठेवून जातं. ते कोण ठेवतं हे शोधायला शहरातून एक मुलगी येते, आणि शोधता शोधता दुसराच प्रश्न तिच्या गळ्यात पडतो: ज्याला काहीच आठवत नाही तो माणूस तोच राहतो का?

गोधडीवाली पहिल्या दिवसापासून संशयितांची हजेरी घ्यायची. पोस्टमन आला की म्हणायची, "हा नोहे. याले उगाच पुढं पुढं करून राह्यले." एकदा एक नवाच पाहुणा मधेच उगवला. तिनं सुई थांबवली. "हा जर निघाला ना म्याडम, तं मी उद्यापासून येत नाही. चार दिवस आमी इथं बसलो, अन् हा आज येऊन चोर होईन?"

मी हसले. ती मात्र गंभीर होती. चहा पिताना म्हणाली, "माह्या बुढ्याले लकवा झाला तवापासून थो मले वळखत नाही. 'बाई, पानी दे' म्हनते. चाळीस वर्सं झाली लग्नाले, अन् मी बाई! पन रोज जेवताना अर्धी भाकर मोडून ताटाखाली झाकून ठेवते. कोनासाठी ठेवली, इचारलं तं म्हनते, माईत नाही." मग तिनं टीव्हीकडे बोट दाखवलं. "पाहू, हे लोक काय सांगतात. थो माहा नवराच हाय का दुसरं कोनी, हे मलेबी समजलं पाह्यजे."

ही गोष्ट तिनं मला पाचव्या दिवशी सांगितली. मी काय करत होते ते आता लिहिते.

मी ओळी गाळत होते. मारामारी, शोधाशोध, प्रश्नोत्तरं मी नीट सांगायची. पण म्हातारा खिडकीशी बसून स्वतःशी बोलू लागला, किंवा ती मुलगी 'मी म्हणजे काय' असा विचार करू लागली, की मी "काही नाही, असंच बोलतोय" म्हणून मोकळी व्हायची. एक तर चार वाजता माझी चहाची वेळ. आणि दुसरं, जे खरं कारण आहे: मला वाटायचं, हे हिला काय कळणार? आयुष्यभर शाळेत 'एकही शब्द सोडू नका' असं मुलांना ओरडून सांगणारी मी, घरात बसून ठरवत होते की कोणत्या ओळी कोणाच्या लायकीच्या.

बाराव्या दिवशी उलगडा झाला. संत्रं म्हाताराच ठेवत होता. त्याला माहीत नव्हतं, त्याच्या हातांना माहीत होतं. माझे डोळे भरून आले. तिच्याकडे पाहिलं तर ती दोरा दातानं तोडत होती.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. "त्याच्या हाताचं आधी एक अक्षर तरी सांगतलं का? लोकायले बरं वाटावं म्हनून वरून ठिगळ लावलं."

मला त्याच क्षणी तिसरा भाग आठवला. म्हातारा खिडकीशी बसून तळहात हुंगत काहीतरी पुटपुटला होता आणि मी कपात चहा ओतत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "असंच असतं गं या मालिकांचं."

"मले वाटलंच," ती म्हणाली. "आपुनबी मनानं काहीबाही जोडतो. थो भाकर ठेवते, थेबी उगाच."

तिनं घड्या घातल्या, दोन्ही गोधड्या उलट्या करून दाखवल्या आणि गेली. पुढं नवऱ्याला घेऊन ती लेकीकडे केनवडला राहायला गेली, असं कानावर आलं. मी काही केलं नाही. मागच्या महिन्यातल्या त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, तिसऱ्या भागातच त्याचे हात दाखवले होते, किती प्रामाणिक मालिका!" तेव्हा मात्र मला बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी केनवडला गेले.

ती ओसरीवर होती. कपाळ मोकळं होतं. तिचा म्हातारा यंदाच्या पोळ्यानंतर गेला, लेकीनं सांगितलं. मला जे बोलायचं होतं ते मी उभ्यानंच बोलले: ओळी मी गाळल्या होत्या, गोष्टीत सगळं होतं.

तिनं मला बसायला पोतं सरकवलं. मग म्हणाली, "आता वाचा. एकबी सोडू नोका."

फोनवर तिसरा भाग लावून मी पहिल्या ओळीपासून वाचू लागले, कावळ्यांच्या ओरडण्यापर्यंत सगळं. म्हातारा खिडकीशी आला. मी वाचलं, "सकाळी माझ्या हातांना संत्र्याचा वास येतो. हात माझ्याआधी उठतात. कुठं जाऊन येतात, मला सांगत नाहीत."

तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. तिच्या हातात सुई नव्हती. तिला तशी मी प्रथमच पाहिली.

"आधी मी थे अर्धी भाकर खात होती," ती म्हणाली. "तुमच्या घरून आली त्या दिवसापासून कुत्र्याले टाकू लागली. थो पाहत राहे माह्याकडं. भाकरीकडं नाही, माह्याकडं."

लेकीनं चहा आणला. मी कप हातात धरून बसले. ती भाग संपेपर्यंत फोनकडेच पाहत होती. संपल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "गोष्ट इमानदार होती."

मग ती बसपर्यंत सोडायला आली, माझी पिशवी तिनंच उचलली, मी नको म्हणत असताना. बाकीचे भागही पुरते वाचून दाखवायला मी आता दर गुरुवारी जाते. सध्या सातवा चालू आहे.

तुमच्या गोधड्या आज रात्री एकदा पालथ्या घालून पाहा.