डबा वाजवला की यायचं

दिग्रसला मास्तर होतो तेव्हाची, अठ्ठावन्न सालची गोष्ट. कापसाच्या जिनाच्या गोदामाच्या आढ्यावरून घुबडाचं पिल्लू खाली पडलं. मजुरांनी ते टोपल्यात घालून माझ्याकडे आणलं, कारण मला पाखरांच्या नोंदी ठेवायचा नाद होता आणि तो गावाला ठाऊक होता. गव्हाणी घुबड, पिंपळपानाच्या आकाराचा पांढरा चेहरा.

गोदामातले उंदीर आणून मी त्याला भरवायचो. भरवण्याआधी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर थापा मारायच्या, हा शिरस्ता. कार्तिकात ते उडायला लागलं. दिवेलागणीला बाहेर जाई, आणि डबा वाजवला की पंखांचा जराही आवाज न करता माझ्या मनगटावर येऊन बसे. ते वजन मनगटाला अजून आठवतं.

बायको म्हणायची, "आता तं उडते ना ते? मंग कायले बोलावता? त्याचं त्याले शिकू द्या."

"आठ दिवस अजून. नोंदी पुऱ्या होऊ दे."

"नोंदी, का तुमाले करमत नाही?"

मी डबा उचलून अंगणात गेलो.

एका सकाळी ज्वारीची राखण करणारा म्हातारा दुपट्ट्यात घुबड गुंडाळून घेऊन आला. मान लोंबत होती.

"काल डुकरं हाकलाले डबा बडवून राह्यलो होतो, तं हे सरळ माह्या अंगावर आलं. भेवानं काठी हाणली म्या. मास्तर, डब्यानं सारं रान पळते. हे काहून आलं?"

मला तिथल्या तिथे कळलं. गावाभोवतीच्या वावरांत डबे वाजतात, हे मला माहीत नव्हतं थोडंच!

"काय सांगावं," एवढंच म्हणालो.

लक्ष्मीचं वाहन मारलं, या धसक्याने त्याने राखण सोडली. दर शुक्रवारी देवीपुढे नारळ फोडायचा. बाजारात भेटला की विचारायचा, "मास्तर, काही होईन का मले?"

"काही होत नाही, बाबा."

पिल्लाला डब्याच्या आवाजावर यायला मीच शिकवलं होतं, हे मात्र तोंडातून निघालं नाही. ते सांगायला म्हातारा वारेपर्यंत सात-आठ वर्षं होती माझ्याकडे. वहीतली शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे: "पिल्लू स्वतंत्र झालं."

डबा घरात आहे. बायको त्यात पीठ ठेवते. दिवेलागणीला ती झाकण काढते, पत्रा वाजतो आणि माझं मनगट आपसूक पुढे होतं.