तिसरी सही

माझ्याशी वाद न घालता माझी लेक कधी घरातून बाहेर पडलेली नाही. रविवारी ती नुसती "बरं" म्हणाली, बॅग उचलली आणि गेली. आज गुरुवार. ते "बरं" काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसभर मी कपाट आवरलं, मग विस्कटलं, मग पुन्हा आवरलं. संध्याकाळी तिच्या बाबांनी विचारलं, "काय हरवलंय?" मी म्हटलं, "काही नाही."

ती शाळा बांधते. म्हणजे विटा रचत नाही. देशभर नव्या शाळा उभारायचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, त्यात ती देखरेखीची इंजिनियर आहे. वय एकोणतीस. सात गावांतल्या सात शाळा तिच्याकडे, आणि फिरायला एक स्कूटर. कामावरची माणसं तिला पाठीमागे "टेपबाई" म्हणतात, कारण मोजायची टेप ती जेवतानाही हातातून खाली ठेवत नाही. तिला हे ठाऊक आहे. "पाठीमागे म्हणतात तोवर ठीक," ती म्हणते. "तोंडावर लाडानं म्हणायला लागले की समजायचं, माझं मोजणं ढिलं झालं."

लहानपणापासून हिचं असंच. तिसरीतला वर्गाचा फोटो अजून भिंतीवर आहे. मागच्या रांगेतल्या मुली बाकावर उभ्या आहेत आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर उभ्या मुलीचा अर्धाच चेहरा दिसतो, ती ही. बाक डुगडुगतोय म्हणाली आणि चढलीच नाही. बाक काही पडला नाही. मी घरी आल्यावर तिला रागावले होते, एवढे पैसे भरून अर्धाच चेहरा आला म्हणून.

गेल्या वर्षी मी तिला विचारलं, "तू नक्की कोणाच्या हाताखाली काम करतेस?" तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि चौकोन काढायला लागली. सगळ्यात वर राष्ट्रीय कार्यालय, तिथून नकाशे येतात, साऱ्या देशाला एकच. त्याखाली विभागीय कार्यालय, तिथे साहेब. बाजूला मदत कक्ष: कामावर अडचण आली तर अनुभवी माणूस आणि तपासणीची यंत्रं तिथून मिळायची. खाली ठेकेदार, मिस्त्री, आणि शाळेच्या मोठ्या बाई. मधोमध ती. प्रत्येक चौकोनातून एक बाण तिच्याकडे येत होता. तिच्याकडून एकच बाण निघत होता, मदत कक्षाकडे.

"तिथे कोण बसतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. होते त्यांची अकरा महिन्यांपूर्वी बदली झाली. फोन आहे, तो वाजतो."

तिचे बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "म्हणजे सात घरची सून, आणि माहेराला कुलूप." आम्ही तिघंही हसलो. ते पान मी का कोण जाणे जपून ठेवलं. आत्ता समोरच आहे.

या शाळांना पुढे सहा फुटांचा व्हरांडा असतो. त्याला खांब नाहीत, छप्पर भिंतीतून नुसतं बाहेर आलेलं. अशा छपराचा भार वरच्या बाजूच्या सळ्या धरतात. वाकवलेल्या सळीच्या लहान घोड्यांवर त्या उचलून ठेवलेल्या असतात. काँक्रीट ओतताना माणसं त्यांच्यावरून चालली की सळ्या खाली दबतात, आणि एकदा काँक्रीट पसरलं की देवालाही दिसत नाही आत काय आहे. म्हणून ती सळ्यांवर फळ्या टाकायला लावते आणि माणसं फळीवरूनच चालतायत ना, हे बघत दिवसभर उन्हात उभी राहते. हे तिने मला इतक्यांदा सांगितलंय की उद्या मलाही स्लॅब ओतता येईल.

मिस्त्री तिच्या बापाच्या वयाचे. म्हणतात, "मॅडम, आम्ही काय सळ्यांवर नाचायला आलोय?"

"नाचा की मिस्त्री. फक्त फळीवर नाचा."

स्लॅब झाला की एक कार्ड भरायचं असतं. त्यावर तीन सह्या: ठेकेदाराची, मोठ्या बाईंची आणि तिची. तिच्या जागेवर छापलेलंच आहे, 'ओतकाम माझ्यासमोर झाले.'

चार महिन्यांपूर्वी, पाचव्या शाळेच्या स्लॅबच्या दिवशी, सकाळी साडेआठला साहेबांचा फोन आला. तिच्याकडच्याच दुसऱ्या एका शाळेवर वरच्या कार्यालयाची पाहणी येणार होती, तिथे तिने हजर व्हायचं. ती म्हणाली, साहेब, इथे आज स्लॅब आहे. ते म्हणाले, मदत कक्षाला सांग, ते माणूस पाठवतील. तिने तीनदा फोन लावला. तो नेहमीसारखा वाजला. मग मिस्त्रींना "मी येईपर्यंत थांबा" सांगून ती गेली.

मिस्त्री अकरापर्यंत थांबले. मिक्सर आलेला, पंचवीस माणसं आलेली. ती चारला परतली तेव्हा वरून गुळगुळीत करणं चाललं होतं. फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्यावर सिमेंटचा एक डागसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. दोन सह्या झालेल्या होत्या. मोठ्या बाईंनी केली, कारण इंजिनियर बघणारच. ठेकेदाराने केली, कारण मिस्त्रींनी बघितलं असणारच. साहेब फोनवर म्हणाले, "पाहणीला मीच बोलावलं होतं ना तुला? आता कार्ड अडवून काम अडवू नकोस." तिने सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच ती डुगडुगत्या बाकावर चढली.

हे सगळं मला या रविवारी कळलं. ती जेवायला आली होती. जेवली नाही, ताटातला भात एका कडेला लोटत बसली. मग म्हणाली, "आई, वर तडा आहे."

"कुठे वर?"

"व्हरांड्याच्या छतावर. भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाण्याची कड आत जाते."

सळी किती खोल आहे हे सांगणारं यंत्र असतं. ते मदत कक्षात आहे. तिने तीन आठवड्यांत तीन पत्रं दिली, एकाचंही उत्तर नाही. साहेब म्हणाले, उन्हाने पडतात असे तडे, वरून गिलावा मार. आणि उद्या, शुक्रवारी, सकाळी दहाला ती शाळा ताब्यात देण्याचा कार्यक्रम आहे. सावली म्हणून मुलांना व्हरांड्यातच रांगेने उभं करणार आहेत. एकशे दहा मुलं.

"टेकू लाव ना खालून," मी म्हटलं.

"लावले तर लोक विचारणार, का लावले. मग मला लिहून द्यावं लागणार की त्या दिवशी मी तिथे नव्हते. सही खोटी आहे."

तेव्हा मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "सह्या तिघांच्या आहेत. तुझी एकटीची नाही."

"तिघांच्या आहेत म्हणूनच तर कोणी बघितलं नाही."

"नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिलेत. साहेब मोठे आहेत, ते उन्हाचा तडा म्हणतायत. शुक्रवारचा दिवस जाऊ दे, मग शांतपणे टेकू लाव. एका दिवसात काही होत नाही."

मी कॉलेज शिकलेली बाई. शिक्षणाचा एक फायदा असा की भित्री गोष्टसुद्धा नीट वाक्यांत मांडता येते. मला वाटलं, आता भांडेल. तशी आमची रीतच आहे, ती आवाज चढवते, मी चढवते, तिचे बाबा गॅलरीत जातात. ती म्हणाली, "बरं."

जाताना खाली गेटपाशी थांबून तिने आमच्या गॅलरीच्या स्लॅबकडे वर पाहिलं. मी त्याच गॅलरीत उभी होते. तिने हात केला नाही.

सोमवारपासून तिचे निरोप येतात ते दोन दोन शब्दांचे. "जेवले." "पोचले." आज संध्याकाळी आला: "उद्या दहाला. मी व्हरांड्यातच असेन."

हे वाचल्यापासून मी एका जागी बसू शकलेले नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मला सारखी ती दिसते, मुलांच्या रांगेशेजारी, टेप हातात धरून, वर बघत. मी तिला सांगितलं की गप्प बस, आणि ती गप्प बसणार आहे, पण त्या छपराखाली स्वतः उभी राहून. हिशेब तिचा सरळ आहे. मुलांना उभं करायचं तर आपणही उभं राहायचं.

मोठ्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. मागे ही तापाने फणफणली होती तेव्हा त्यांनीच मला कळवलं होतं. मघाशी मी तो काढलासुद्धा. पण मी त्यांना सांगितलं, तर उद्या सगळे म्हणतील, इंजिनियरने लपवलं आणि तिच्या आईने फोडलं. आधी तिच्या तोंडून बाहेर यायला हवं. ते तोंड मी बंद केलंय, तर उघडायचंही मीच.

तिच्या बाबांना उठवलं. सगळं सांगितलं. त्यांनी चादरीची शिवण चाचपली. मग म्हणाले, "सकाळी करशील फोन."

"सकाळी ती सहाला निघते. आणि सकाळपर्यंत माझा धीर टिकणार नाही. टेकू आणायला तिला वेळही लागेल."

"मग मला कशाला उठवलंस?"

"पहिली बस कितीची आहे ते सांगायला."

"सव्वापाच," ते म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

तिला सांगायचं ते मनाशी ठरवलंय. मी रविवारी चुकीचं बोलले. आत्ता मिस्त्रींना उठव, उजाडायच्या आत टेकू उभे कर. मुलांना मैदानात उभं करायला सांग. सही खोटी आहे हे साहेबांना लिहून दे, आणि नोकरी गेली तर तुझी खोली इथे आहे. दहाला मी तिथे येते. मग तिने भांडावं हवं तेवढं.

तिने फोन नाही उचलला, तर मोठ्या बाईंना लावेन, मग कोणी काही म्हणो. पण आधी तिला. पावणेबारा झालेत. ती जागीच असणार.