खंडेनवमीला धुतलेली बॅटरी

आमच्या घरी खंडेनवमीला अवजारांची आंघोळ असते. आम्ही देऊळघाटचे सुतार. करवत, रंधा, पटाशा, बाबांचं भोकं पाडायचं जुनं गिरमिट, सगळं त्या सकाळी घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा, आणि मग दिवसभर कामासाठी हात लावायचा नाही. हा मान बाबांचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बॅटरीवरचं ड्रिल मशीनही त्याच रांगेत घेतलं. मशीन ओल्या फडक्यानं पुसलं आणि बॅटरीवर तांब्यानं पाणी ओतलं.

मशीन मी त्यांच्यासाठीच घेतलं होतं. पडल्यामुळे त्यांचं मनगट मोडलं, जुळलं तेही वाकडं. गिरमिट फिरवायला जोर उरला नाही. मशीन आलं आणि सत्तरीतला माणूस पुन्हा दारांच्या बिजागऱ्या बसवू लागला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण पुढे त्यांचे स्क्रू तिरपे जायला लागले. गिऱ्हाईकाच्या घरी त्यांची पाठ वळली की मी ते काढून पुन्हा सरळ बसवायचो. त्यात त्या वर्षी उन्हाळ्यात बॅटरीनं दम सोडला. रात्रभर चार्ज करावी, तर पाचसहा स्क्रूंत मशीन घरघर करून थांबायचं. बाबा बॅटरी चार्जिंगला लावून शेजारी बसून राहायचे. दुरुस्त करून आणतो, असं मी म्हणत राहिलो आणि आणली नाही. खरं सांगायचं तर आणायचीच नव्हती. या निमित्तानं ते आपोआप घरी बसतील, असं माझ्या मनात होतं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्जरला लावली तर नुसता लाल दिवा मिचमिचला. राग माझ्या नाकावरच असतो. बॅटरीला कुणी पाणी घालतं का, एवढं कळत नाही का, असं मी बायकोसमोर बाबांना वाट्टेल ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "मशीन बी अवजारच हाय ना. तिलेच पारोसं ठेवू काय?"

त्या दिवसापासून त्यांनी कामावर येणं सोडलं. मशीनची पिशवी खुंटीला टांगली. काऊन येत नाही, असं कुणी विचारलं की सांगायचे, मशीन मी बिघडवलं. मला हवं तेच झालं होतं, पण त्याचा आनंद काही होईना. चौकट ओळंब्यात नाही म्हणून माझ्यावर खेकसायला कामावर कुणी नव्हतं.

शेवटी बाजाराच्या दिवशी बॅटरी घेऊन धाड गावच्या बाजारात गेलो. तिथे फवारणी पंपांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसतो. त्यानं स्क्रू काढून डबी उघडली. आत बोटाएवढे पाच सेल, एकमेकांना पट्टीनं जोडलेले. पाणी गेलंय, असं मी लगेच सांगून टाकलं. त्यानं आतून बोट फिरवलं, कुठे गंज नाही की डाग नाही. मग एकेका सेलला मीटर लावला.

"पाण्यानं नाही मेली," तो म्हणाला. "हा एक सेल कवाचाच गेला. बाकीचे चार त्याले ओढून राह्यले होते. एवढे दिवस काऊन नाही आणली?"

वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं होतं. तो एकच सेल बदला, असं मी म्हटलं, तर त्यानं नकार दिला. जुन्यात नवा टाकला तर कुणालाच धड चालता येत नाही, पाचही एकाच जातीचे पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. त्यानं पाचही नवे टाकले, पट्ट्यांना चटचट वेल्डिंगचे टाके मारले आणि माझ्यासमोर मशीन फिरवून दाखवलं.

घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर बसून माझ्याच पटाशांना धार लावत होते. मी बॅटरी त्यांच्यापुढे ठेवली. "पाण्यानं काही झालं नव्हतं, बाबा. ती आधीच गेली होती. मले मालूम होतं."

त्यांनी अंगठ्यावर धार पाहिली. "मले बी मालूम होतं. उन्हाळ्यापासूनच ती दम सोडून राह्यली होती. मले वाटलं, तुले मले घरी बसवाचं हाय. म्हणून बसलो."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी अंगणात जाऊन उगाच गाडी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पिशवी खुंटीवरून मीच काढली आणि गाडीवर मागे बसलेल्या बाबांच्या मांडीवर ठेवली. कामावर त्यांनी पहिल्याच बिजागरीला मशीन लावलं. स्क्रू गेला, तिरपाच गेला. त्यांची पाठ वळायची वाट न बघता मी म्हणालो, "बाबा, तिरपा गेला."

त्यांनी वाकून पाहिलं, मशीन उलटं फिरवून स्क्रू काढला आणि डाव्या हाताचा आधार देऊन पुन्हा सरळ बसवला. वेळ लागला, पण बसला.

"असं सांगत जाय ना मंग," ते म्हणाले.