तिचा मोडलेला उपास

दुसऱ्या दिवशी हरतालिका, म्हणून रात्री बायकोनं माझ्यासोबत पोटभर भाकर-ठेचा खाल्ला. ते आमचं शेवटचं जेवण. हा उपास ती माझ्यासाठी धरत नव्हती. साठ सालाच्या सुमारास, हरतालिकेलेच, अमरावतीच्या दवाखान्यात बाळंतपणात तिचं रक्त थांबत नव्हतं. माझं रक्त जुळलं नाही. अकोटहून आलेले जवान चुलतभाऊ “आमचं लगीन व्हाचं हाय, ताकद जाईन” म्हणून सटकले. फिनाईलच्या वासात मी नर्सचे पाय धरून बसलो. बाजूच्या खाटेवरच्या आपल्या आत्याले भेटाले आईसंग आलेली कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, “माझं तपासा.” तिचं जुळलं, पण तिले निर्जळी उपास होता आन् नर्स उपाशी पोटी रक्त घेईना. तिची आई म्हणाली, “अगं, चांगला नवरा मिळावा म्हणून धरलास ना?” पोरगी म्हणाली, “हा एक नवरा समोर रडतोय, तो दिसत नाही का? चहा आण.” बायको वाचली. तवापासून दर हरतालिकेले ती त्या पोरीचा मोडलेला उपास धरायची. यंदा जेवून झोपली ते उठलीच नाही. सकाळी तिले जाळून आलो, तं सुनेनं चहा आणला. मी कप नुसता धरून बसलो, तं म्हणाली, “घ्या बाबा, सुतकात उपास नसते.” मी म्हटलं, “त्या पोरीचा आता कोण धरन?” आन् कप परत दिला.