गव्हावर गहू

आमच्या संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर काही गहू उन्हाची कसोटी लागावी म्हणून मुद्दाम उशिरा पेरला जातो. वेळेवर पेरलेल्याचा दाणा थंडीत सावकाश भरतो. उशिराच्या गव्हाला मात्र दाणा चिकात असतानाच मार्चचे ऊन गाठते. ओंबी चिमटीत दाबली की बोटांवर पांढरा, गोडसर चीक उतरतो. काही कडक दुपारी गेल्या की तोच दाणा सुरकुततो, हलका होतो. गेल्या उन्हाळ्यात एकाच नव्या वाणाचा दाणा त्या उन्हातही टपोरा राहिला. मळणीनंतर तो तळहातावर घेतला तेव्हा त्याच्या वजनाने मी सुखावले.

पण आमच्या वरिष्ठांचा एक दंडक आहे: पोळी चांगली होत नसेल, तर तो वाण पुढे पेरायचा नाही. त्यासाठी ते दरवर्षी एका रविवारी बिबवेवाडीतल्या आमच्या घरी जेवायला येतात. बियाणे जेमतेमच होते. त्यातले थोडे काढून मी यजमानांकडे गिरणीतून दळून आणायला दिले.

कणीक मळतानाच तुटत होती. लाटताना कडा फाटल्या. तव्यावर पोळी फुगली नाही. सरांनी घास घ्यायला ती दुमडली, तर तिचे दोन तुकडे झाले.

"बाई, याच्या पोळ्या कशाला करता? धिरडी घाला."

"सर, दाणा पाहिलात ना आपण?"

"पाहिला. नुसता पाहून भागत असतं, तर जेवायला कशाला आलो असतो?"

ताक पिऊन ते उठले. वाण बाद झाला होता.

भांडी आवरताना त्यांचे धिरडे मनातून जाईना. मी पिठाचा डबा उघडून वास घेतला. गव्हाच्या ताज्या पिठाला वाळल्या गवतासारखा ऊबदार वास असतो. याला कच्च्या हरभऱ्याचा उग्र दर्प होता.

"अहो, गिरणीत हे कशावर दळलं?"

"कुणाचं तरी डाळीचं पीठ चाललं होतं. तो म्हणाला, थांबा, गहू आला की त्यावर टाकतो. मी म्हटलं, एवढंसं तर आहे."

"गव्हावर गहू दळतात, हे पुण्यात सांगावं लागतं?"

"मला लागतं. आज कळलं."

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "पुन्हा करा. पण आता दळणार काय?"

उरले होते ते पेरणीचे बियाणे. ते दळावे तर पुढची ओळ तोकडी होणार. न दळावे तर ओळच नाही. मी ओंजळी भरून धान्य काढले आणि स्वतः गिरणीत जाऊन बाकावर बसले. शेजारच्या आजींचा गहू पूर्ण दळून झाल्यावरच माझी पिशवी पुढे केली. पीठ हातात आले तेव्हा कोमट होते.

या वेळी पोळी टम्म फुगली. सरांनी एक खाल्ली, दुसरी फडक्यात गुंडाळून संध्याकाळपर्यंत ठेवायला लावली आणि मग चहाबरोबर मागितली. ती अजून मऊ होती. त्यांनी ती निवांत चावली.

"बरी आहे. पेरा."

यंदाही डिसेंबर सरताना पेरणी झाली. इतर वाणांच्या ओळी बांधापर्यंत पोहोचल्या आहेत. या वाणाची मध्येच संपते. तिच्यापुढची माती मी मोकळी ठेवली आहे. तिथे दुसरे काही पेरू दिले नाही.